नव्या मार्टला विरोध आणि पेठेची राखण : सोलापुरात ही दोन कामे एकच आहेत का?

बाळीवेसकर (विचारणा)

नमस्कार. आमचे घर बाळीवेशीजवळच्या एका बोळात आहे. दगडी जोते, मातीच्या रुंद भिंती, सागवानी तुळया आणि वर माळवद, म्हणजे मातीचे सपाट छत, असा हा जुना वाडा असून रस्त्याच्या बाजूला तीन गाळे आहेत. मधल्या गाळ्यात आजोबांनी सुरू केलेले किराणा दुकान मी चालवतो. दोन बाजूंच्या गाळ्यांत वडिलांच्या काळापासूनचे भाडेकरू आहेत, एक शिंपी आणि एक भांडीवाले. थोरले काका जुळे सोलापूर या नव्या वस्तीत राहायला गेल्यापासून वरचा मजला रिकामा आहे. दोन पावसाळ्यांपूर्वी माळवदाचा एक कोपरा खचला, तेव्हा त्यावर पत्रे टाकून वेळ मारून नेली.

आता शहराबाहेर जाणाऱ्या एका रुंद रस्त्यावर, आमच्यापासून दुचाकीने दहा मिनिटांच्या अंतरावर, एक मोठे मार्ट उभे राहत आहे. सोलापुरात मार्ट काही नवीन नाहीत, पण हे आकाराने बरेच मोठे आहे आणि त्यात किराण्याबरोबर कपडे, भांडी, प्लास्टिकचे सामान, सगळेच मिळणार आहे. गेल्या आठवड्यात आमच्या भागातील व्यापाऱ्यांची बैठक झाली. एक दिवसाचा बंद पाळावा, निवेदन द्यावे आणि ‘पेठ वाचवा’ असे फलक लावावेत असे ठरत आले आहे. मी बैठकीत गप्प बसलो, पण घरी आल्यावर झोप लागली नाही.

माझी अडचण अशी की, त्या बैठकीत ‘पेठ’ हा शब्द दोन वेगळ्या अर्थांनी वापरला जात होता आणि कोणालाच ते खटकत नव्हते. एक पेठ म्हणजे आम्हा दुकानदारांचा गल्ला. दुसरी पेठ म्हणजे वेशी, बोळ, ओटे, फळ्यांची दारे, दुकानावर राहणारी माणसे आणि संक्रांतीला हिरेहब्बू वाड्यातून निघणाऱ्या सात नंदीध्वजांना ज्या रस्त्यांवरून वाट करून द्यावी लागते ते रस्ते. ‘पेठ वाचवा’ म्हणून सर्वांत मोठ्याने बोलणाऱ्यांपैकी दोघांनी स्वतःचे वाडे पाडून त्या जागी काचेच्या दर्शनी भागाचे कॉम्प्लेक्स बांधले आहे, आणि त्यांचे वरचे मजले आजही भाड्याविना पडून आहेत. हे मी त्यांना दोष देण्यासाठी लिहीत नाही. उद्या मीही तेच करेन अशी परिस्थिती आहे, कारण एका बांधकाम व्यावसायिकाने आमचा वाडा घेण्याची तयारी दाखवली असून भावंडांना ते मान्य आहे.

तेव्हा जाणकारांना माझे विचारणे असे आहे की, कायद्याने असे मार्ट थांबवता येते का, आणि समजा थांबले, तर त्यामुळे पेठ खरोखर टिकते का? परदेशात छोट्या शहरांनी याबाबत काय केले, याचा कोणी अभ्यास केला असल्यास तेही वाचायला आवडेल. बंदमध्ये सामील व्हायचे की नाही, हे मला पुढच्या बैठकीपर्यंत ठरवायचे आहे.

चाटी गल्लीचा चाटी

मालक, आपण रात्रभर जागलात, पण प्रश्न नीट मांडलात. मी कापडाच्या धंद्यातला. ‘चाटी’ या शब्दाचा अर्थच कापडाचा व्यापारी. नव्या पिढीला गल्लीचे नाव माहीत असते, पण अर्थ माहीत नसतो, म्हणून सांगून ठेवतो.

आमच्या गल्लीत मार्टची भीती आपल्याइतकी नाही आणि त्याचे कारण बस्ता आहे. लग्नाचा बस्ता बांधायला मोहोळ, अक्कलकोट, मंगळवेढ्याकडून, तसेच सीमेपलीकडच्या इंडी, अफझलपूर, आळंद या कानडी भागातून जी माणसे येतात, ती एकटीदुकटी येत नाहीत. दोन्हीकडचे व्याही, मामा, आत्या, शेजारची एखादी जाणती बाई असे बारा-पंधरा जण सकाळी गादीवर येऊन बसतात. नवरीचा शालू एकदा ठरला की मग मानाच्या साड्या, आहेराच्या साड्या, फेटे, टॉवेल, टोप्या असा क्रम लागतो. कोणाला किती किमतीची साडी द्यायची हे घरातले वडीलधारे दुकानदाराच्या कानात सांगतात आणि दुकानदाराने त्याच भावातल्या साड्या पुढे टाकायच्या असतात, म्हणजे कोणाचा अपमान होत नाही. दुकानदार मराठीत सुरुवात करतो, आजीबाईंशी कानडीत बोलतो आणि शहराच्या पूर्व भागातले गिऱ्हाईक असेल तर तेलुगूवर येतो. हे काम मांडणीवरच्या हँगरने होत नाही. शिवाय निम्मी रक्कम आज आणि उरलेली उसाचे बिल आल्यावर, हा व्यवहार कोणत्या यंत्रावर कार्ड घासून करणार?

बस्त्याला आलेली ही मंडळी दिवसभर पेठेत असतात. ती मधल्या मारुतीजवळ बांगड्या आणि पूजेचे साहित्य घेतात, सराफ कट्ट्यावर मणी-मंगळसूत्र पाहतात, दुपारी जेवतात, परत जाताना शेंगाची चटणी आणि घरासाठी चादरी नेतात. म्हणजे एका बस्त्यावर दहा दुकाने चालतात. ती साखळी जिथे तुटते आहे ती जागा मी आपल्याला दाखवतो. पूर्वी ही मंडळी एसटीने येत. आता ती दोन जीपगाड्या करून येतात आणि गाड्या लावायला जागा नाही. चालक दूर कुठेतरी गाडी घेऊन थांबतो आणि तासाभराने फोन करू लागतो की इथे उभे राहू देत नाहीत, लवकर आटपा. आमच्या जवळचा रस्ता मध्यंतरी एका कामासाठी खोदला आणि ऐन लग्नसराईत तसाच ठेवला. त्या हंगामात आमचे जे नुकसान झाले, ते कोणत्याही मार्टने आजवर केलेले नाही. माझी नेहमीची काही गिऱ्हाइके त्या वर्षी महामार्गावरच्या मोठ्या दालनात गेली, कारण तिथे दारात गाडी लागते. त्यातली निम्मी परत आली नाहीत.

बंद पाळायचा तर जरूर पाळू, पण बंदच्या दिवशी गिऱ्हाईक कुठे जाईल याचा विचार बैठकीत कोणी केला का? ते मार्टमध्येच जाईल.

जुळे सोलापूरची रहिवासी

वरचे दोन्ही लेख वाचले आणि एका ग्राहक बाईचे म्हणणेही नोंदवावेसे वाटले. माझे माहेर शुक्रवार पेठेतले आहे; लग्नानंतर पंचवीस वर्षे जुळे सोलापुरात राहते. पेठेविषयी मला जेवढी माया आहे तेवढी क्वचितच कोणाला असेल. तरीही महिन्याचे सामान मी मार्टमधून आणते.

काका, कारण स्वस्ताई हे नाही, निदान पहिले कारण ते नाही. पेठेत चार तास खरेदी करायची तर बाईमाणसाने लघुशंकेला कुठे जायचे? मी अनेकदा सकाळपासून पाणी न पिता नव्या पेठेत खरेदी केली आहे. सासूबाईंचे गुडघे दुखतात; त्यांना टेकायला एक बाक नाही, पदपथावर दुकानाचे पुतळे आणि दुकानासमोर दुकानदाराचीच दुचाकी. मार्टमध्ये स्वच्छतागृह आहे, सरकता जिना आहे, प्रत्येक वस्तूवर किंमत लिहिलेली आहे आणि वस्तू हातात घेऊन परत ठेवली तर कोणी कपाळाला आठ्या घालत नाही. हा शेवटचा मुद्दा दुकानदारांना लागेल, पण लागू द्या.

चाटी काकांनी बस्त्याचे जे वर्णन केले आहे ते अगदी खरे आहे आणि माझ्या मुलीचा बस्ता मी पेठेतच बांधणार आहे. पण बस्ता आयुष्यात दोनदा-तीनदा बांधायचा असतो आणि डाळ-तांदूळ दर महिन्याला लागतात.

एजन्सीवाला, आता निवृत्त

मी तीस वर्षे साबण, तेल आणि बिस्किटांच्या कंपन्यांची एजन्सी चालवली. शहरातील बहुतेक किराणा दुकानांत माझी गाडी जात असे, त्यामुळे किराण्याच्या बाजूचे गणित मी सांगू शकतो. ताईंनी ‘स्वस्ताई हे पहिले कारण नाही’ असे लिहिले आहे. त्यांच्यासाठी ते खरे असेल, पण सर्वांसाठी नाही.

पुडीबंद मालावर एमआरपी छापलेली असते. त्या किमतीत कंपनी, एजन्सी आणि दुकानदार या तिघांचा वाटा आधीच बसवलेला असतो. छोट्या दुकानदाराच्या वाट्याला साधारण दहा टक्क्यांच्या आसपास येते, त्यातून वीज, नोकर, उंदीर आणि बुडीत उधारी वजा जाते. मोठी साखळी थेट कंपनीकडून घेते, म्हणजे एजन्सीचा वाटा तिच्याकडे जातो. रोख आणि लवकर पैसे देते म्हणून त्यावर वेगळी सूट मिळते. आणि मोक्याच्या मांडणीवर माल ठेवण्याचे पैसे कंपनीच तिला देते. डी-मार्टचे उदाहरण सर्वांना ठाऊक आहे. २००२ साली मुंबईत पवईला पहिले दुकान काढल्यापासून जागा भाड्याने घेण्याऐवजी शक्यतो विकत घ्यायची, असे त्यांचे धोरण राहिले आहे, त्यामुळे भाडेवाढीचा बोजाही त्यांच्यावर पडत नाही. एवढ्या सगळ्या बाजूंनी वाचलेले पैसे एमआरपीतून कमी केले की जी किंमत होते, ती बाळीवेसकरांच्या खरेदीच्या किमतीइतकी किंवा क्वचित त्याहूनही कमी असते. माझ्या शेवटच्या काही वर्षांत दुकानदार माझ्याकडून माल न घेता मार्टमधूनच तेलाचे खोके उचलून आणत असत. मला कळत होते, मी काही बोलत नसे. पुडीबंद मालाची ही लढाई दुकानदार हरलेला आहे आणि बंद पाळून ती जिंकता येणार नाही.

पण सोलापूर म्हणजे एकटे जुळे सोलापूर नव्हे. पूर्व भागात यंत्रमागावर काम करणाऱ्या माणसाला पगार आठवड्याला मिळतो, विडी वळणाऱ्या बाईच्या हाती पैसे तसेच थोडे थोडे येतात, आणि ते घर महिन्याचे सामान एकदम भरूच शकत नाही. तिथला दुकानदार पाव किलो तूरडाळ सुटी देतो, दहा रुपयांचे तेल बाटलीत मोजून देतो आणि वहीत लिहून ठेवतो. माग बंद पडला, मालकाने पगार लांबवला किंवा घरात आजारपण आले, तर ती वही हीच त्या घराची बँक असते. पाच किलोच्या पिशवीवर मिळणारी सवलत त्या बाईच्या काही कामाची नसते. त्यामुळे मार्ट आल्यावर कोणती दुकाने आधी बसतील असे मला विचाराल, तर पगारदार आणि नोकरदार वस्तीतली, नीटनेटकी, महिन्याच्या यादीवर चालणारी किराणा दुकाने आधी बसतील. कामगार वस्तीतली वहीवाली दुकाने त्यांच्यानंतर बराच काळ टिकतील. बाळीवेसकर, आपले दुकान या दोहोंच्या मधोमध आहे असे मला वाटते. आपल्या गिऱ्हाइकांपैकी किती जण वहीवर आहेत आणि किती यादीवर, हे एकदा खतावणी काढून पाहा. यादीवरचे निम्म्याहून अधिक असतील, तर ज्वारी, डाळी, मसाले, शेंगदाणे, गूळ असा सुटा आणि पारखून घेण्याचा माल वाढवा. साबणाच्या वड्यांनी भरलेली मांडणी आता शोभेपुरती उरली आहे.

आणखी एक गोष्ट, विषय थोडा बाजूला जातो तरी लिहितो. या शहराने याहून मोठे धक्के पाहिले आहेत. १८७७ साली सुरू झालेली जुनी गिरणी बंद पडली आणि पुढे बाकीच्या गिरण्याही एकामागून एक थांबल्या, तेव्हा हजारो घरांचा पगार गेला आणि त्या पगारावर चालणारी दुकाने कोणत्याही मार्टशिवाय बसली. त्या वेळी कोणी ‘पेठ वाचवा’चे फलक लावले नव्हते.

नगररचनेचा विद्यार्थी

मी मूळचा सोलापूरचा असून सध्या नोकरीसाठी पुण्यात असतो. विचारणेतील कायद्याच्या भागाचे उत्तर देण्याचा प्रयत्न करतो.

महाराष्ट्रात बांधकामाची परवानगी प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ आणि त्याखालील विकास नियंत्रण नियमावलीनुसार मिळते. डिसेंबर २०२० पासून मुंबई आणि आणखी काही क्षेत्रे वगळता राज्यभर एकत्रित नियमावली लागू आहे. त्यात भूखंड कोणत्या विभागात आहे, समोरचा रस्ता किती रुंद आहे, वाहनतळ किती सोडला, आग लागली तर बाहेर पडण्याची सोय काय, हे तपासले जाते. या दुकानामुळे दुसऱ्या दुकानाचा धंदा बसेल का, हा प्रश्न आपल्या नगररचनेच्या कायद्यात कुठेच विचारला जात नाही. त्यामुळे नियमात बसणाऱ्या मार्टची परवानगी ‘व्यापाऱ्यांचा विरोध’ या कारणावरून नाकारली, तर ते न्यायालयात टिकणे कठीण आहे. बैठकीत बहुधा परदेशी गुंतवणुकीचाही उल्लेख झाला असेल. २०१२ साली केंद्राने बहुब्रँड किरकोळ व्यापारात ५१ टक्के परदेशी गुंतवणुकीस मुभा दिली, तेव्हा अशी दुकाने सामान्यतः दहा लाखांहून अधिक लोकसंख्येच्या शहरांतच काढता येतील आणि तीही राज्याने मान्यता दिली तर, अशा अटी होत्या. २०११ च्या जनगणनेत सोलापूर शहराची लोकसंख्या ९,५१,५५८ होती, म्हणजे आपण त्या रेषेच्या जरा खालीच राहिलो. पण देशी मालकीच्या साखळीला ही अट लागूच नाही आणि आपल्यासमोरचे मार्ट देशीच दिसते.

आता परदेशाविषयी. अमेरिकेत आयोवा राज्यातील छोट्या गावांवर वॉलमार्टचा काय परिणाम झाला, याचा अभ्यास तेथील विद्यापीठाचे केनेथ स्टोन यांनी १९८०च्या दशकाच्या अखेरीपासून केला. त्यांना दिसलेले चित्र बैठकीतल्या दोन्ही बाजूंना पेचात पाडणारे आहे. ज्या गावात वॉलमार्ट आले तिथे तोच माल विकणारी दुकाने मागे पडली, पण फर्निचरची दुकाने आणि खाद्यगृहे यांचा धंदा वाढला, कारण बाहेरगावचे लोक येऊ लागले. सर्वांत मोठा फटका बसला तो ज्या शेजारच्या लहान गावांत वॉलमार्ट आले नव्हते त्यांना. हे आपल्याकडे लावून पाहिले, तर नव्या मार्टची झळ बाळीवेशीइतकीच मोहोळ किंवा अक्कलकोटच्या बाजारपेठेलाही लागेल आणि त्यांना तर कोणी बैठकीला बोलावलेलेही नाही. फ्रान्सने १९७३ च्या रॉयर कायद्याने ठरावीक आकारावरच्या दुकानांना स्थानिक समितीची वेगळी परवानगी सक्तीची केली. त्यातून छोट्या दुकानदारांचे थोडेफार रक्षण झाले असेल, परंतु आधीच उभी असलेली मोठी दुकाने स्पर्धेपासून सुरक्षित झाली आणि परवानग्यांभोवती पैशांचे व्यवहार सुरू झाले. त्यांना आळा घालण्यासाठी पुढे पुन्हा कायदा करावा लागला. आपल्याकडे अशी समिती नेमली तर काय होईल, ते मी लिहीत नाही.

मला जास्त उपयोगाचा वाटतो तो अमेरिकेतलाच दुसरा प्रयोग. १९७७ साली तिथल्या वारसा जतन करणाऱ्या राष्ट्रीय संस्थेने गेल्सबर्ग, हॉट स्प्रिंग्ज आणि मॅडिसन ही तीन छोटी गावे निवडली आणि प्रत्येक गावात मुख्य रस्त्यासाठी एक पूर्णवेळ व्यवस्थापक नेमला. दर्शनी भागांची डागडुजी, रिकाम्या गाळ्यांसाठी भाडेकरू शोधणे, सणवार आणि बाजाराचे दिवस ठरवणे, अशी कामे सगळ्या रस्त्याला एकच दुकान मानून त्याने करायची होती. मार्टमध्ये हे सगळे एक मालक करतो. पेठेत ते कोणीच करत नाही. मात्र तुलना जपून करावी, कारण अमेरिकेतल्या त्या रस्त्यांवरून वस्ती आधीच उठून गेली होती आणि आपल्या पेठांत माणसे अजून दुकानावर राहतात. ही आपली जमेची बाजू आहे. पण बाळीवेसकरांच्या रिकाम्या वरच्या मजल्यासारखे मजले वाढत गेले, तर ती फार दिवस राहणार नाही.

वाडे का खचतात, याचे एक कारण भाडे नियंत्रणात आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ प्रमाणे घरमालकाला भाड्यात वर्षाला चार टक्के वाढ करता येते. मूळ भाडे शे-दोनशे रुपये असेल तर ही वाढ चहाच्या खर्चाइतकी होते. इमारत नीट ठेवण्याची जबाबदारी त्याच कायद्याने मालकावर टाकली आहे. मालकाने नोटीस मिळूनही दुरुस्ती केली नाही तर भाडेकरूने ती करून खर्च भाड्यातून वळता करावा अशी सोय आहे, पण वर्षाला वळती करायची रक्कम त्या वर्षाच्या भाड्याच्या चौथ्या हिश्श्याहून अधिक असू शकत नाही. शे-दोनशे रुपये भाड्याच्या चौथ्या हिश्श्यात माळवदाची पाटी तरी येते का? म्हणून मालक वाट पाहतो, भाडेकरूही वाट पाहतो आणि पाऊस कोणाचीच वाट पाहत नाही. याउलट एक कोटी किंवा त्याहून अधिक भरणा भांडवल असलेल्या कंपनीला या कायद्याचे संरक्षण नाही, म्हणून नव्या करारासाठी मालकाला शिंप्यापेक्षा कंपनी बरी वाटते.

बाळीवेसकरांनी बांधकाम व्यावसायिकाला होकार देण्यापूर्वी एक गोष्ट अवश्य पाहावी. दाट वस्तीच्या भागात अनेक रस्त्यांना रुंदीकरणाची रेषा आखलेली असते. जुनी इमारत दुरुस्त करून वापरली तर ती आपल्या जागी राहते, परंतु पाडून नवी बांधायची म्हटले की त्या रेषेच्या मागे सरावे लागते. अरुंद आणि लांबट भूखंडात पुढचे काही फूट गेले, तर गाळ्यांची खोली किती उरेल, हे नकाशावर मोजून घ्या. ‘मोठे कॉम्प्लेक्स’ म्हणून दाखवलेले चित्र त्या मोजणीनंतर बरेच लहान होते, असा माझा अनुभव आहे. शहराच्या सुधारित विकास आराखड्याचे प्रारूप जेव्हा प्रसिद्ध होते, तेव्हा हरकती आणि सूचना मागवल्या जातात. निवेदनाची ताकद तिथे लावावी. पेठेच्या कडेला वाहनतळाचे आरक्षण मागता येते, स्त्रियांच्या स्वच्छतागृहासाठी जागा मागता येते, रुंदीकरणाच्या रेषेवर हरकत घेता येते. महापालिकेच्या इंद्रभवनासारख्या मोठ्या वास्तूची काळजी घेतली जाते हे चांगलेच आहे, पण बोळातल्या ओट्यांच्या रांगेला कोणी वारसा म्हणायला तयार नसते, आणि खरे तर पेठ त्या ओट्यांचीच बनलेली असते.

बाळीवेसकर

सर्वांचे मनापासून आभार. एजन्सीवाल्या काकांनी सांगितल्याप्रमाणे खतावणी काढून बसलो. काका, आपला अंदाज खरा ठरला, माझी यादीवरची गिऱ्हाइके वहीवरच्या गिऱ्हाइकांपेक्षा बरीच जास्त आहेत आणि त्यातली अनेक गेल्या वर्षभरात महिन्याऐवजी मधल्याच एखाद्या दिवशी, काही संपले म्हणून येऊ लागली आहेत. हे माझ्या लक्षात यायला हवे होते.

रस्तारेषेची चौकशी केली. आमच्या बोळात पुढचा ओटा आणि गाळ्यांचा जवळजवळ एक तृतीयांश भाग त्या रेषेत जातो. हे भावंडांना दाखवल्यावर विक्रीचा उत्साह पुष्कळ कमी झाला. आता असे ठरते आहे की आधी माळवद आणि मागची भिंत दुरुस्त करावी, आणि धाकट्या भावाने वर राहायला यावे; तो सध्या शहराच्या दुसऱ्या टोकाला भाड्याने राहतो. शिंपीकाका आणि भांडीवाले यांनी खर्चाचा काही वाटा उचलण्याची तयारी दाखवली आहे, कारण वरून गळते ते त्यांच्याच डोक्यावर. भाडे किती वाढवायचे, यावर अजून बोलणे चालू आहे आणि ते गोड होईल असे नाही.

पुढच्या बैठकीत मी बंदला विरोध करणार आहे. जुळे सोलापूरच्या ताईंचे पत्र मी तिथे जसेच्या तसे वाचून दाखवेन, त्यांची हरकत नसेल तर. स्वच्छतागृहासाठी आमच्या वाड्याच्या मागच्या परसातली जागा देता येईल का, असाही एक विचार मनात आहे. पाण्याची व्यवस्था आणि रोजची साफसफाई कोणी करायची, हे ठरले तर. कापड आणि सराफी दुकानांनी महिन्याला थोडी वर्गणी काढली तर एक बाई कामाला ठेवता येईल. चाटी काका, आपल्या गल्लीतून किती जण तयार होतील, याचा अंदाज घ्याल का? आणि माळवद करणारा गवंडी आता मिळतो का, हेही विचारायचे होते. दोन गवंड्यांना दाखवले, दोघेही सरळ स्लॅब टाका म्हणतात.

जुळे सोलापूरची रहिवासी

हरकत काही नाही, जरूर वाचा. फक्त आठ्यांचे वाक्य गाळू नका.

चाटी गल्लीचा चाटी

वर्गणीचे मी विचारतो; चार-पाच जण तर नक्की होतील, बाकीचे इतरांनी दिल्यावर देतील, आपल्याकडची रीत आपल्याला माहीत आहे. माळवदावर स्लॅब मुळीच टाकू नका, मातीच्या भिंती तो भार पेलणार नाहीत. माझ्या घराचे माळवद मागच्या उन्हाळ्यात नव्याने केले, पांढरी माती गावाकडून आणावी लागली. करणारे म्हातारे गवंडी पावसाळ्यात हात लावत नाहीत, त्यामुळे चैत्रातच सांगून ठेवावे लागते. दुकानात या, त्यांचा पत्ता देतो आणि जिन्यावरून वर नेऊन आमचे छतही दाखवतो.